मूल घरीच शिकवावे काय?



कोल्हापुरातील एका भगिनींचे पत्र या महिन्यात आले आहे. घरात तीन पिढ्यांचा गुळाचा व्यापार, मार्केट यार्डात अडतीचे दुकान, एकत्र कुटुंब. त्यांचा मुलगा चौथीत आहे. येत्या जूनपासून त्याला शाळेत न पाठवता घरीच शिकवावे, असे त्यांच्या मनाने घेतले आहे. यजमान अर्धेमुर्धे तयार आहेत, सासरे मुळीच तयार नाहीत. घरातले मूल शाळेत जात नाही असे बाजारात कळले तर लोक काय म्हणतील, हा त्यांचा प्रश्न. भगिनींनी आपली कारणे सविस्तर लिहिली आहेत. वर्गात मुलांची दाटी, मुलगा अबोल, त्यामुळे बाईंचे लक्ष त्याच्याकडे जात नाही. सकाळी लवकर बस, परतल्यावर शिकवणी, घरी येईपर्यंत दिवेलागण झालेली, मग घरच्या रीतीप्रमाणे सूर्यास्तापूर्वी जेवण कसे व्हावे? डब्यात कांदा-बटाटा नसतो यावरून मुले चेष्टा करतात. पर्युषणात नेमकी घटक चाचणी येते. आणि पत्राच्या शेवटी, जणू सहज आठवले म्हणून, एक वाक्य आहे : रविवारी रात्री त्याच्या पोटात दुखू लागते, आणि सोमवारी सुट्टी असली की दुखत नाही.

पत्र खासगी असले तरी प्रश्न एका घरापुरता नाही. पुण्या-मुंबईत शाळेबाहेर शिकणारी मुले आता अगदीच दुर्मीळ राहिलेली नाहीत. 'स्वशिक्षण' या नावाने अशा पालकांची देशपातळीवरची संघटनाही आहे. आपल्या भागात हा विचार खऱ्या अर्थाने शिरला तो कोरोनाच्या काळात. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि प्राथमिक वर्ग दीड-दोन वर्षे धडपणे भरलेच नाहीत. त्या काळात मोबाइलच्या छोट्या पडद्यावर आयांनी प्रथमच वर्ग आतून पाहिला. काहींच्या मनात शिक्षकांविषयीचा आदर दुणावला. काहींच्या मनात प्रश्न उभा राहिला, की दिवसाचे सहा तास, वर्षाची एवढी फी आणि बसचे भाडे ज्यासाठी देतो ते हेच काय? शाळा पुन्हा सुरू झाल्या, तरी तो प्रश्न काही घरांतून गेला नाही.

अशा पालकांना हसणारे पुष्कळ आहेत. त्यांत असेही आहेत, की ज्यांचा स्वतःचा मुलगा अकरावी-बारावीला एका महाविद्यालयाच्या पटावर असतो आणि सकाळपासून रात्रीपर्यंत बसतो मात्र क्लासमध्ये. महाविद्यालयाचे तोंड तो प्रवेशाच्या आणि परीक्षेच्या दिवशी पाहतो. ही व्यवस्था सर्वांना ठाऊक आहे आणि तिच्याविषयी कोणाच्या सासऱ्यांना बाजारात तोंड लपवावे लागत नाही. शाळेवरचा विश्वास आपण केव्हाच काढून घेतला आहे, फक्त तो उघडपणे बोलून दाखवण्याचे धाडस काही थोड्या घरांनी केले आहे, असे म्हटले तर ते फारसे चूक ठरू नये.

घरी शिकवण्याच्या बाजूने बोलताना आपल्या समाजातील मंडळी दोन दाखले हटकून देतात. पहिला आदिपुराणातला. भगवान ऋषभदेवांनी ब्राह्मी आणि सुंदरी या आपल्या कन्यांना जवळ बसवून, एकीला अक्षरे आणि दुसरीला अंक शिकवले, ही कथा पाठशाळेत गेलेल्या प्रत्येक मुलाला माहीत असते. आचार्य जिनसेनांनी ती विस्ताराने सांगितली आहे. लिपी आणि गणित या दोन्ही विद्यांचा उगम आपल्या परंपरेने पित्याच्या मांडीवर, घरात मानला आहे. दुसरा दाखला पेढीचा. आपले आजे-पणजे कोणत्या शाळेत गेले होते, असे अभिमानाने विचारले जाते. पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी तोंडपाठ, मोडी अक्षर, रोजमेळ आणि खतावणी, गुळाचा रवा हातात घेऊन नुसत्या रंगावरून आणि कणीवरून भाव सांगण्याची नजर, अडत, हमाली, तोलाई वजा जाता शेतकऱ्याच्या हाती काय पडेल याचा तोंडी हिशोब. हे सारे मुलगा आठ-दहा वर्षांचा असल्यापासून गादीच्या कोपऱ्यात बसून शिकत असे.

दोन्ही दाखले खरे आहेत. परंतु ते एकमेकांशी जुळत नाहीत, ही गोष्ट सहसा कोणी लक्षात घेत नाही. पेढीवर शिकला तो मुलगा. त्याची बहीण तेथे नव्हती. ऋषभदेवांनी प्रथम शिकवल्या त्या मुली. पेढीचे शिक्षण उत्तम होते, पण ते एकाच कामासाठी होते, आणि ते काम मुलाने निवडलेले नसे. त्याला शिकवण्यामागे त्याचे हित होते, तसेच दुकानाला एक विश्वासू हात मिळावा हाही हेतू होता. आज कोणी मुलाला शाळेतून काढून 'घरी शिकवतो' असे म्हणत असेल आणि प्रत्यक्षात तो गल्ल्यावर बसत असेल, तर त्याला पूर्वजांची परंपरा असे गोड नाव देऊ नये.

कोल्हापूरकरांनी तर या बाबतीत अधिक सावध असावयास हवे, कारण मुलांना घरी ठेवण्याची किंमत या संस्थानाने जाणली होती. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक नामदार गोखल्यांनी १९११ साली केंद्रीय विधिमंडळात मांडले. दुसऱ्या वर्षी ते फेटाळले गेले. गोखले स्वतः कागल-कोल्हापुरात शिकलेले. जे इंग्रज सरकारने नाकारले ते राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात १९१७ साली करून दाखवले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्याआधीच ही वाट घालून दिली होती. शाहू महाराजांच्या कायद्यात शिक्षण मोफत होते आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड होता. त्या काळचा एक रुपया म्हणजे गरिबाच्या घरात कित्येक दिवसांची मजुरी. दंड एवढा जबर का? महाराजांना माहीत होते, की मूल घरी राहते ते बहुधा शिकण्यासाठी नव्हे. ते गुरे राखते, धाकट्या भावंडाला सांभाळते, रानात राबते. 'घर' या शब्दाला आपण आज जी ऊब देतो, ती त्या मुलांच्या वाट्याला आली नव्हती.

आणि तरीही याच महाराजांनी स्वतःच्या घरात एका मुलीला घरीच शिकवले. त्यांचे धाकटे चिरंजीव शिवाजी महाराज १९१८ साली शिकारीत अपघाताने गेले. सून इंदुमतीदेवी त्या वेळी अजून बालवयातच होत्या. राजघराण्यातील विधवेने अंतःपुरात पडद्याआड आयुष्य काढावे, ही रीत. महाराजांनी ती मोडली. सोनतळीच्या कॅम्पवर त्यांच्या शिक्षणाची व्यवस्था केली, शिक्षक नेमले, आणि एकटीने शिकू नये म्हणून निरनिराळ्या समाजांतील मुली सहाध्यायी म्हणून सोबत ठेवल्या. घरातून विरोध झाला तो त्यांनी जुमानला नाही. महाराज १९२२ साली निवर्तले. पुढे इंदुमतीदेवी मॅट्रिक झाल्या.

आपल्या समाजातही असेच एक उदाहरण त्याच सुमाराचे आहे. कोल्हापूरच्या दिगंबर जैन बोर्डिंगच्या उभारणीला ज्यांच्या दानाचा मोठा आधार मिळाला, त्या मुंबईच्या सेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांची कन्या मगनबाई ऐन तारुण्यात विधवा झाली. सेठजींनी तिला कोपऱ्यात बसवले नाही. घरी पंडित नेमून संस्कृत आणि धर्मशास्त्र शिकवले. ठिकठिकाणी बोर्डिंगे काढून हजारो मुलग्यांची सोय करणाऱ्या या गृहस्थांना स्वतःच्या मुलीसाठी शाळा मिळाली नाही, म्हणून त्यांनी घराची शाळा केली. पुढे मगनबाईंनी मुंबईत श्राविकाश्रम चालवला आणि कितीतरी विधवा व परित्यक्ता भगिनींना अक्षरओळख आणि उपजीविका दिली.

या दोन घरांत आणि दंड भरणाऱ्या घरांत फरक कोणता? दोन्हीकडे मूल शाळेबाहेरच होते. पण सोनतळीत आणि जव्हेरींच्या घरात शिक्षण घरी आणले ते त्या मुलीने पुढे घराबाहेर पडावे म्हणून. शाहू महाराजांनी तर सहाध्यायी शोधून आणल्या, तेही स्वतःच्या जातीच्या नव्हेत. मला वाटते, पालक घरी का शिकवू इच्छितात या प्रश्नाची सारी मेख येथे आहे. कारणे कागदावर कितीही असोत, त्यांतली काही मुलाला जगाकडे नेणारी असतात आणि काही जगापासून तोडणारी.

मुलाला जगाकडे नेणारे कारण कसे असते, याचे एक ठळक उदाहरण मुंबईचे आहे आणि ते त्या वेळी वृत्तपत्रांत गाजले होते. मालविका जोशी ही दादरच्या शाळेत चांगली शिकत होती. सातवीत असताना आईने तिला शाळेतून काढले. मुलीत काही उणे होते म्हणून नव्हे, तर तिला ज्या विषयाची ओढ होती त्याला वेळ मिळावा म्हणून. आईने स्वतःची नोकरी सोडली. मुलगी संगणकाच्या आज्ञावलीत रमली, आंतरराष्ट्रीय इन्फॉर्मेटिक्स ऑलिंपियाडमध्ये तिने तीन पदके मिळवली आणि २०१६ साली अमेरिकेतील एमआयटीने तिला प्रवेश दिला. या कथेची दुसरी बाजू मात्र कोणी रंगवून सांगत नाही. बारावीचे प्रमाणपत्र नसल्यामुळे आपल्या देशातील आयआयटीचे दार तिला बंद होते. ही असामान्य मुलगी होती. तिच्या पदकांमुळे परदेशी दार उघडले. आपल्या घरातले मूल असामान्य आहे असे प्रत्येक आईला वाटते, आणि तसे वाटू द्यावे, परंतु प्रमाणपत्राची तजवीक मात्र ते सामान्य आहे असे समजूनच करावी.

अक्षरे उलटसुलट दिसणारी, अंकांत गोंधळणारी मुले हे दुसरे रास्त कारण. त्यांना 'आळशी' ठरवून रोज वर्गापुढे उभे करण्यात कोणाचेच भले होत नाही. तथापि अशा मुलांसाठी राज्य मंडळाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक यांसारख्या सवलती आहेत, आणि त्या मिळवण्यासाठी अध्ययन अक्षमतेचे अधिकृत प्रमाणपत्र लागते. शाळेतून काढण्यापूर्वी ही तपासणी झालेली असावी. खेळाडू मुले, दीर्घ आजाराची मुले, वडिलांच्या फिरतीमुळे दर वर्षी गाव बदलणारी मुले यांच्याविषयी निराळे सांगण्याची आवश्यकता नाही.

आता धर्माचे कारण. भगिनींच्या पत्रात ते आहे आणि आपल्या समाजात या प्रश्नावर बोलताना तेच सर्वांत आधी पुढे येते. येथे मी थोडा थांबणार आहे.

सूर्यास्तापूर्वीचे जेवण, अभक्ष्याचा त्याग, पर्वाचे दिवस, पाठशाळा हे सारे मुलाच्या दिनक्रमात बसवणे आज खरोखर कठीण झाले आहे. पण ते कठीण केले कोणी? पुष्कळ घरांत ते शाळेने केलेले नाही. शाळा तीन-साडेतीनला सुटते. त्यानंतरची शिकवणी, अबॅकस, आणखी एक भाषा, स्केटिंग हे आपण लावलेले आहे. एक शिकवणी कमी केली तर दिवस मावळण्याआधी मूल ताटावर बसू शकते. त्यासाठी शाळा सोडण्याची गरज नाही. डब्यावरून होणारी चेष्टा हाही त्रास खरा आहे, मात्र मुलाने 'आम्ही कंदमुळे खात नाही, कारण असे असे' हे चार सवंगड्यांना न चिडता सांगणे, हे पाठशाळेत पाठ केलेल्या स्तोत्राइतकेच मोलाचे धर्मशिक्षण आहे. ते घरात बसून होणार नाही, कारण घरात त्याला कोणी विचारणारच नाही.

आपल्या शास्त्रात घरच्या शिक्षणाला सर्वांत जवळचा शब्द आहे तो स्वाध्याय. बारा तपांपैकी ते एक अंतरंग तप. स्वाध्याय म्हणजे एकट्याने पोथी उघडून बसणे, अशी आपली समजूत झालेली आहे. तत्त्वार्थसूत्रात त्याचे पाच प्रकार दिले आहेत : वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. ग्रंथ वाचणे, शंका विचारणे, मनात घोळवणे, शुद्ध पाठांतर करणे आणि दुसऱ्याला समजावून सांगणे. या पाचांत पृच्छनेला समोर कोणीतरी अधिक जाणणारा लागतो आणि धर्मोपदेशाला कोणीतरी न जाणणारा. म्हणजे आचार्यांच्या दृष्टीने एकान्तात स्वाध्याय पुरा होत नाही. घरी शिकणाऱ्या मुलाची वाचना आणि आम्नाय आई उत्तम करून घेईल. अनुप्रेक्षेला तर शाळेपेक्षा घरातच अधिक निवांतपणा मिळेल. पृच्छना कोणापाशी, आणि तो शिकवणार कोणाला, याची व्यवस्था मात्र पालकांना हेतुपूर्वक करावी लागते. जे पालक ती करतात त्यांची मुले वाढतात.

अनेकान्ताचेही तसेच. हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट मुलांना सांगणे सोपे आहे. परंतु ज्याने आयुष्याची पहिली चौदा वर्षे फक्त आपल्याच घरच्या माणसांची मते ऐकली, त्याला हत्तीला दुसरी बाजू असू शकते हे कळावे कसे? संस्कार बिघडू नयेत म्हणून मुलाला शाळेतून काढणाऱ्यांशी माझा मतभेद येथे आहे. 'कसली कसली मुले येतात वर्गात' हे वाक्य अशा चर्चेत हलक्या आवाजात उच्चारले जाते. ते कारण म्हणून मी मान्य करू शकत नाही. ज्या कुंभोज गावचे पाटील आपल्या समाजाचे भूषण म्हणून आपण मिरवतो, त्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले ते सर्व जातींच्या मुलांनी एका पंक्तीत जेवावे म्हणून. महात्मा गांधी १९२७ साली तेथे आले आणि त्यांनी त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग असे नाव दिले. गंमत अशी, की भाऊराव स्वतः शाळेत रमणारे नव्हते. कोल्हापूरला शिकत असता जैन बोर्डिंगच्या शिस्तीशी त्यांचे पटले नाही, तेथून त्यांना बाहेर पडावे लागले, मॅट्रिकही ते झाले नाहीत. शाळेने दुखावलेल्या त्या मुलाने पुढे रयतेसाठी शाळांचे जाळे विणले.

आणखी एक बाब आहे, जी पत्रात नाही आणि पुरुषांच्या चर्चेत तर कधीच नसते. घरी शिकवणार कोण? आपल्या घरांत उत्तर गृहीत असते : आई. सकाळची पूजा, स्वयंपाक, पाहुणे, सासूबाईंची औषधे, आणि आता इयत्ता पाचवीचा अपूर्णांक. वडील दुकानातून रात्री नऊला येणार आणि 'आज काय शिकवलेस' असे विचारणार. हे घरी शिकवणे नव्हे, एका माणसावर दुसरी नोकरी लादणे आहे. मार्केट यार्ड दुपारी शांत होते. सौदे सकाळी आटोपतात. आजोबांनी तासभर हिशोब आणि व्यवहारी गणित घ्यावे, वडिलांनी रविवारी नातवंडांसह पन्हाळ्यावर किंवा खिद्रापूरच्या मंदिराकडे जाऊन इतिहास-भूगोल करावा, काकूंनी भाषा घ्यावी. एकत्र कुटुंबाला ही अनुकूलता शहरातल्या छोट्या बिऱ्हाडापेक्षा कितीतरी अधिक आहे, आणि विरोध करणारे सासरेच यात उत्तम शिक्षक ठरण्याचा संभव आहे. सर्वांनी वाटून घेण्याची तयारी नसेल, तर निर्णय पुढे ढकलावा.

मुलींच्या बाबतीत मी अधिक कठोर होईन. घरी शिकवण्याचा विचार मुलीसाठीच सुचला असेल आणि तिच्या भावासाठी सुचला नसेल, तर त्याचे कारण शिक्षण नाही. वयात आली, बस लांबची आहे, स्थळे येऊ लागतील, ही कारणे निराळ्या कपड्यांत येतात. शंभर वर्षांपूर्वी ज्यांच्यावर दंड बसवला तीच ही कारणे.

या भगिनींच्या बाबतीत माझे मत विचाराल तर, पत्रातील सर्व कारणांत मला सर्वांत जड वाटले ते रविवार रात्रीचे पोटदुखीचे. बाकी कारणांवर दुसरे उपाय आहेत. दहा वर्षांच्या मुलाचे शरीर जे सांगत आहे ते ऐकलेच पाहिजे. परंतु त्याआधी सोमवारी वर्गात काय घडते, हे शोधून काढा. एखादा मोठा मुलगा, एखादा विषय, स्वच्छतागृहाची भीती, बसमधली जागा, काहीही असू शकते. डॉक्टरांनाही दाखवून घ्या. वर्गशिक्षकांना भेटा, मुलासमोर नव्हे. दोष त्या एका शाळेचा असेल तर शाळा बदलणे हा पहिला उपाय. शाळा म्हणजे दाटीचा वर्ग आणि धाकाचे वातावरण असेच असले पाहिजे असे नाही, हे कोल्हापुरातच लीलाताई पाटलांनी दाखवून दिले आहे. अध्यापक विद्यालयातील आयुष्यभराच्या नोकरीनंतर, विश्रांती घेण्याच्या वयात, त्यांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय सुरू केले. मराठी माध्यम, लहानसा आवाका, मुलाच्या अनुभवाला धरून शिकवणे. २०२० साली त्या गेल्या. मोठी इमारत आणि इंग्रजी पाटी पाहून शाळा निवडण्याची जी सवय आपल्या व्यापारी घरांना लागली आहे, ती थोडा वेळ बाजूला ठेवून शहरातील अशा लहान शाळा पाहून याव्यात.

एवढे करूनही घरीच शिकवायचे ठरले, तर मुलाला विचारून ठरवावे आणि एका वर्षापुरतेच ठरवावे.

कायद्याची बाजू थोडक्यात. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत दाखल करणे हे त्यात पालकाचे कर्तव्य म्हटले आहे. घरच्या शिक्षणाला त्यात स्पष्ट परवानगी नाही. पण शाहू महाराजांच्या कायद्याप्रमाणे पालकाला दंडही नाही. दंड आहे तो मान्यतेशिवाय शाळा चालवणाऱ्याला, एक लाख रुपयांपर्यंत, आणि त्यापुढे चालू ठेवल्यास दिवसाला दहा हजारांपर्यंत. तेव्हा चार-सहा घरांनी मिळून एखाद्या हॉलमध्ये शिक्षक नेमून रोजचे वर्ग सुरू करण्याचा विचार कोणी करत असेल, तर आधी वकिलाचा सल्ला घ्यावा. घरी शिकवणे आणि विनापरवाना शाळा यांत फरक आहे. मुख्यत्वे धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्थांना २०१२ च्या दुरुस्तीने या कायद्यातून वगळले आहे, परंतु त्यामुळे तेथील मुलाला दहावीचे प्रमाणपत्र आपोआप मिळत नाही, हे गुरुकुलाचा विचार करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. परतीची वाट मात्र कायद्याने मोकळी ठेवली आहे : चौदा वर्षांच्या आतील मुलाला त्याच्या वयाला अनुरूप वर्गात पुन्हा प्रवेश मिळू शकतो आणि मागे राहिलेले भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षणाची तरतूद आहे.

परीक्षांचे मार्ग दोन-तीन आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर दहावीला बसता येते. प्रमाणपत्रासाठी पाच विषय पुरतात, नोंदणी पाच वर्षे टिकते आणि तेवढ्या काळात नऊ संधी मिळतात, म्हणजे एकेक विषय सवडीने देता येतो. माध्यमांत मराठीही आहे. राज्याचे स्वतःचे मुक्त विद्यालय मंडळही स्थापन झाले आहे. नेहमीच्या राज्य मंडळाच्या दहावीला खासगीरीत्या बसायचे तर सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो. त्यासाठी मूल पाचवी उत्तीर्ण असावे लागते आणि शाळा सोडल्याचा मूळ दाखला जोडावा लागतो. आपल्या भगिनींचा मुलगा आज चौथीत आहे. हा मार्ग खुला ठेवायचा तर आणखी एक वर्ष तरी तो कोणत्या ना कोणत्या शाळेच्या पटावर असावा, हे सासऱ्यांनाही पटेल आणि त्या वर्षात शाळा बदलून पाहण्याचा प्रयोगही होईल.

दाखला हाती घेताना मुलाचे नाव, जन्मतारीख, धर्म आणि जात या नोंदी तिथल्या तिथे तपासून घ्या. आपल्याकडे कोणी आडनाव लावतो, कोणी नुसते 'जैन'. आधारकार्डावर एक आणि दाखल्यावर दुसरे असे झाले, तर शिष्यवृत्तीच्या वेळी आणि पुढे पासपोर्टच्या वेळी हेलपाटे पडतात. त्याच दाखल्यावर खाली 'शाळा सोडण्याचे कारण' असा एक रकाना असतो. लिपिक सवयीने 'पालकांच्या विनंतीवरून' असे लिहून मोकळे होतात. तेथे काय लिहावयाचे, हे कार्यालयात जाण्यापूर्वी घरात बसून ठरवा, आणि त्या बैठकीला मुलालाही बोलवा.